गिअरबॉक्सचा जीर्णोद्धार : हायड्रामॅटिक आणि जुन्या राजस मोटारींच्या दुरुस्तीचा इतिहास

मोटारींच्या इतिहासावर विपुल लेखन झालेले आहे. त्यात एंजिनाची शक्ती, बाह्यांगाची घडण आणि निर्मात्यांची चरित्रे यांना मानाचे स्थान मिळालेले आढळते. मोटार बिघडल्यावर तिचे काय झाले हा प्रश्न मात्र बहुतेक लेखकांनी कारखान्याच्या फाटकाबाहेर सोडून दिला आहे. राजस मोटारींच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कॅडिलॅक, लिंकन, रोल्स-रॉइस यांसारख्या मोटारीची बाजारातील किंमत पहिली पंधरावीस वर्षे घसरत जाते. तिच्या गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा खर्च मात्र त्या प्रमाणात घसरत नाही, कारण तो मोटारीच्या मूळ घडणीच्या गुंतागुंतीवर अवलंबून असतो. या दोन रेषा जेथे परस्परांस छेदतात तेथे मोटारीचे भवितव्य ठरते. गिअरबॉक्स उतरवून, खोलून, झिजलेले भाग बदलून तोच पुन्हा बांधावयाचा, की त्याच्या जागी दुसरा बसवावयाचा, की मोटारच भंगारात द्यावयाची, असा तिहेरी विकल्प मालकापुढे उभा राहतो.

हा विकल्प सर्वस्वी मालकाच्या खिशाचा आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन निराळे आहे. कोणत्या काळी कोणता मार्ग मोकळा होता, हे मुख्यतः निर्मात्याने ठरविलेले होते; यंत्राच्या अंतरंगाचे ज्ञान, सुटे भाग आणि मापे ही त्याने कोणाच्या हाती दिली यावर ते अवलंबून होते. या निवडीचे परिणाम इतिहासाच्या साधनांवरही झालेले आहेत. जुनी मोटार आपण साधन म्हणून तपासावयास घेतो, तेव्हा तिच्या पोटातील गिअरबॉक्स मूळचा आहे, पुनर्बांधणी केलेला आहे की परका आहे, यावर तिची साक्ष कितपत ग्राह्य मानावयाची हे ठरते. या दृष्टीने जनरल मोटर्सचा 'हायड्रामॅटिक' हा गिअरबॉक्स, त्याचे उत्तराधिकारी आणि त्यांची दुरुस्ती यांचा विचार येथे केला आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आरंभीच करणे इष्ट होईल. 'गिअरबॉक्स' या शब्दासाठी 'दंतचक्रपेटी' असा प्रतिशब्द बनविता येतो. परंतु कारखान्यातील कोणताही मराठी कारागीर तो वापरीत नाही आणि वापरण्याचे कारणही नाही. तो 'गिअरबॉक्स उतरवला', 'खोलला', 'बांधला' असे म्हणतो. ही क्रियापदे नेमकी आहेत आणि तीच येथे स्वीकारली आहेत. 'जीर्णोद्धार' हा शब्द मात्र हेतुपुरस्सर योजला आहे. देवालयाच्या जीर्णोद्धारात जुना चिरा शक्यतो त्याच जागी बसविला जातो आणि ढासळलेला तेवढाच नवा घातला जातो. जुने देवालय पाडून त्या जागी नवे बांधणे याला कोणी जीर्णोद्धार म्हणत नाही. यंत्रांच्या बाबतीत हा भेद आपण सहसा करीत नाही.

हायड्रामॅटिकचा जनक अर्ल थॉम्प्सन हा होय. हाताने बदलावयाचे गिअर दाते न खडखडता जुळावेत यासाठी त्याने केलेली 'सिंक्रोमेश'ची योजना १९२८ मध्ये कॅडिलॅकने प्रथम विक्रीस आणली. पुढे त्याच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्समध्ये पूर्णतः स्वयंचलित गिअरबॉक्सचे काम चालले आणि १९३९ मध्ये तो जाहीर झाला. १९४० च्या ओल्ड्समोबाईल मोटारींत तो प्रथम मिळू लागला व १९४१ च्या कॅडिलॅकमध्ये आला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नवी यांत्रिक सोय प्रथम सर्वांत महाग मोटारीत यावी आणि मग खाली झिरपत जावी, असा क्रम आपण गृहीत धरतो. या प्रसंगी क्रम उलटा झाला. मधल्या किमतीच्या ओल्ड्समोबाईलच्या गिऱ्हाइकांवर प्रयोग झाला आणि कॅडिलॅकने वर्षभर थांबून तो उचलला. त्यानंतर युद्ध आले. १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन थांबले, परंतु हायड्रामॅटिकचे थांबले नाही. एम-५ या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन एंजिने व त्यांना जोडलेले दोन हायड्रामॅटिक बसविण्यात आले. युद्धोत्तर जाहिरातींनी रणगाड्याच्या या कसोटीचा पुरेपूर उपयोग करून घेतला, हे सांगावयास नकोच.

या यंत्राची रचना थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे, कारण त्याच्या दुरुस्तीचा सारा इतिहास तिच्यात बीजरूपाने आहे. एंजिन आणि गिअर यांच्यामध्ये पायाने दाबावयाचा क्लच नाही. त्याऐवजी तेलाने भरलेल्या कवचात समोरासमोर ठेवलेली दोन पातीदार चक्रे असतात. एक फिरू लागले की तेलाच्या झोताने दुसरे फिरते. विजेच्या चालू पंख्यासमोर बंद पंखा ठेवला असता तोही हळूहळू फिरू लागतो, तसाच हा प्रकार. त्यामागे ग्रहचक्रांचे संच असतात. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी लहान ग्रहचक्रे आणि त्या सर्वांना वेढणारे, आतील बाजूस दाते असलेले कडे, अशी एका संचाची घडण असते. पुढे जाण्यासाठी असे दोन संच आणि मागे जाण्यासाठी तिसरा. संचाचा एक घटक बाहेरून पट्ट्याने आवळून स्थिर केला की वेग कमी होऊन जोर वाढतो. तोच पट्टा सोडून आतील क्लचच्या चकत्या दाबल्या की सारा संच एकजीव होऊन थेट फिरतो. पुढच्या संचाची घट १.४५ पट, मागच्याची २.६३ पट. दोन्ही संच पट्ट्यांनी आवळले की पहिला गिअर मिळतो आणि त्याचे प्रमाण ३.८२ होते. पुढचा थेट व मागचा आवळलेला असेल तर दुसरा, २.६३. पुढचा आवळलेला व मागचा थेट असेल तर तिसरा, १.४५. दोन्ही थेट फिरले की चौथा. दोन संचांतून चार गिअर काढण्याची ही युक्ती गणिताच्या दृष्टीने अतिशय देखणी आहे.

परंतु तिचे मोल दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना द्यावे लागते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना फक्त पुढच्या संचात बदल होतो. तिसऱ्यावरून चौथ्यावर जातानाही तसेच. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मात्र पुढचा क्लच सुटून पुढचा पट्टा आवळला गेला पाहिजे आणि त्याच क्षणी मागचा पट्टा सुटून मागचा क्लच धरला गेला पाहिजे. चार घटना एकसमयावच्छेदे घडावयाच्या, आणि त्यांचे नियंत्रण करावयाचे ते तेलाच्या दाबाने, झडपांनी आणि स्प्रिंगांनी. सोडणारा घटक लवकर सुटला तर एंजिन क्षणभर मोकळे सुटून घोंघावते. धरणारा लवकर धरला गेला तर दोन गिअर परस्परांशी झगडतात आणि गाडीला आचका बसतो. नव्या यंत्रात हे गणित कारखान्याने जुळवून दिलेले असते. वीस वर्षांनी चकत्यांचे अस्तर पातळ होते, रबरी सीले कडक होऊन दाब गळू लागतो, झडपेच्या नळीत मळ साचतो, आणि जुळलेले गणित हळूहळू विस्कटत जाते. म्हणून जुना हायड्रामॅटिक तपासणारा जाणता कारागीर प्रथम रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधील बदलाकडे लक्ष देतो. तेलाचा रंग आणि जळका वास यांकडे मग वळतो. पुनर्बांधणी नीट झाली की नाही याचीही कसोटी तीच.

या यंत्राविषयी एक विरोधाभास वाटेल असे विधान करता येते: ते अत्यंत गुंतागुंतीचे होते, आणि तरीही ते दुरुस्तीयोग्य होते. त्याच्या पट्ट्यांना ताण कमीजास्त करण्याची सोय ठेवलेली होती. तेलाचा दाब मापक लावून तपासता येत असे. पायाच्या दांडीपासून झडपेपर्यंत जाणाऱ्या सळ्यांची लांबी फिरवून बदलता येत असे. जनरल मोटर्सच्या निरनिराळ्या विभागांनी प्रसिद्ध केलेल्या दुरुस्ती-पुस्तिकांत गिअरबॉक्स खोलण्याचा व बांधण्याचा क्रम आकृत्यांसह दिलेला आढळतो. याचा अर्थ निर्मात्याने असे गृहीत धरलेले होते की, हे यंत्र झिजेल आणि कारखान्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या एखाद्या माणसाला ते उघडावे लागेल. त्या गृहीतातून एक नवा व्यवसायच उभा राहिला. १९५४ मध्ये अमेरिकेत स्वयंचलित गिअरबॉक्सची पुनर्बांधणी करणाऱ्यांची 'ऑटोमॅटिक ट्रान्समिशन रिबिल्डर्स असोसिएशन' ही संघटना स्थापन झाली. संघटना स्थापण्याइतके कारागीर या एकाच कामावर उपजीविका करू लागले होते, हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

याच सुमारास घडलेली एक दुर्घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. मिशिगन राज्यातील लिव्होनिया येथे हायड्रामॅटिकचा कारखाना होता. सुमारे ३४ एकरांचा विस्तार एकाच छपराखाली सामावलेला होता. १२ ऑगस्ट १९५३ रोजी तेथे वायूच्या ज्योतीने लोखंड कापण्याचे काम चालू असता ठिणग्या गंजरोधक द्रवाच्या पन्हळीत पडल्या. आग छताला भिडली, छतावरील डांबर वितळून खाली गळू लागले, आणि जेथे पाण्याचे फवारे बसविलेले नव्हते त्या विस्तीर्ण भागात ती आवरणे अशक्य झाले. काही माणसे मृत्युमुखी पडली आणि कारखाना जवळजवळ पूर्णतः नष्ट झाला. हायड्रामॅटिकवर केवळ जनरल मोटर्सचे विभाग अवलंबून होते असे नव्हे. फोर्डची राजस मोटार लिंकन हीदेखील १९४९ पासून प्रतिस्पर्ध्याकडून हाच गिअरबॉक्स विकत घेत होती. नॅश, हडसन व कायझर यांचीही स्थिती तीच. जनरल मोटर्सने कायझरचा विलो रन येथील प्रचंड कारखाना ताब्यात घेतला, आगीतून वाचविलेली यंत्रसामग्री दुरुस्त करून तेथे नेली, आणि तीन महिन्यांच्या आत उत्पादन पुन्हा सुरू केले.

मधल्या काळात कॅडिलॅक व ओल्ड्समोबाईल यांनी ब्यूकचा 'डायनाफ्लो' गिअरबॉक्स आपल्या मोटारींत बसविला. पाँटिअॅकने शेव्हरोलेचा 'पॉवरग्लाइड' घेतला. डायनाफ्लोची प्रकृती अगदी भिन्न होती. नेहमीच्या चालीत तो गिअर बदलतच नसे. वेग आणि जोर यांचा मेळ तेलाच्या टर्बाइनमध्येच घातला जाई. त्यामुळे चाल रेशमासारखी, पण सुस्त. १९५३ च्या सुमारे २८,००० कॅडिलॅक मोटारी या गिअरबॉक्ससह बाहेर पडल्या असा आकडा दिला जातो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे. पुढील दशकांत या मोटारींपैकी एखाद्या मोटारीचा डायनाफ्लो निकामी झाला, तेव्हा मालकाला साहजिकच वाटे की कॅडिलॅकचा खरा गिअरबॉक्स हायड्रामॅटिक, तोच बसवावा. अशा रीतीने 'मूळ रूप' परत आणण्याच्या शुद्ध हेतूने मूळ रूपच पुसले जाते. आगीनंतर जन्मलेल्या कॅडिलॅकमध्ये परका वाटणारा ब्यूकचा गिअरबॉक्स हाच अस्सल होय. त्या मोटारीच्या अंगावर लिव्होनियाच्या आगीचा तेवढाच एक पुरावा असतो, आणि तो काढून टाकला म्हणजे मोटार अधिक सुंदर झाली तरी साधन म्हणून मुकी होते. वर्षाच्या आरंभीची कॅडिलॅक आणि वर्षाअखेरची कॅडिलॅक यांत बाहेरून फरक नसल्यामुळे हा धोका अधिकच मोठा आहे.

इंग्लंडकडे वळले असता वेगळेच दृश्य दिसते. रोल्स-रॉइस कंपनीने स्वतःचा स्वयंचलित गिअरबॉक्स घडविण्याऐवजी हायड्रामॅटिकचाच परवाना घेतला. १९५२ पासून प्रथम निर्यातीच्या मोटारींत तो दिला गेला, पुढे क्रू येथील कारखान्यात तो बनू लागला, आणि १९५५ मध्ये आलेल्या 'सिल्व्हर क्लाउड'मध्ये तो नेहमीचा झाला. या व्यवहाराविषयी एक आख्यायिका प्रचलित आहे. क्रूच्या तंत्रज्ञांनी अमेरिकन यंत्रातील एक भाग खडबडीत वाटला म्हणून आरशासारखा घासून गुळगुळीत केला, आणि त्यामुळे गिअरबॉक्स नीट चालेना; तो खडबडीतपणा हेतुपुरस्सर ठेवलेला होता, असे मग उमगले, असा तिचा आशय. हा भाग कोणता, याविषयी निरनिराळे कथनकार निरनिराळे सांगतात, आणि एवढ्यावरूनच ती जशीच्या तशी इतिहास म्हणून घेता येत नाही. तिचे मूल्य दुसरे आहे: एका देशाच्या कारागिरीचा अभिमान आणि दुसऱ्या देशाचे विपुल उत्पादन यांच्यातील ताण तिच्यात साठविलेला आहे.

रोल्स-रॉइसने केलेला खरा आणि निर्विवाद बदल अधिक महत्त्वाचा होता. १९२४ पासून या कंपनीच्या मोटारींत ब्रेकला साहाय्य करणारी एक यांत्रिक योजना असे. तिचे मूळ हिस्पानो-सुइझाच्या मार्क बिर्किग्ट या अभियंत्याच्या कल्पनेत होते. गिअरबॉक्सच्या बाजूस घर्षणाची एक चकती गिअरबॉक्सकडूनच फिरविली जाई; चालकाने ब्रेक दाबला की मोटारीच्या गतीचाच जोर ब्रेककडे वळविला जाई. हायड्रामॅटिक घेतल्यावरही कंपनीने ही योजना सोडली नाही, आणि म्हणून क्रूच्या हायड्रामॅटिकला ब्रेकच्या चकतीसाठी वेगळी जोडणी द्यावी लागली. परिणामी दुरुस्तीचे सारे गणित बदलले. अमेरिकेत ओल्ड्समोबाईल किंवा पाँटिअॅक यांचे जुने हायड्रामॅटिक भंगाराच्या आवारांत मुबलक मिळत, आणि आतील पुष्कळसे भाग क्रूच्या यंत्राशी मिळतेजुळते असत. परंतु तसा सबंध गिअरबॉक्स उचलून सिल्व्हर क्लाउडमध्ये बसविला तर मोटार चालेल, पण तिचे ब्रेक पांगळे होतील. म्हणून क्लाउडच्या मालकाला अदलाबदलीचा मार्ग जवळजवळ बंद होता. पुनर्बांधणी हाच मार्ग उरे. मूळ कवच ठेवावयाचे आणि अंतरंगातील चकत्या, पट्टे, सीले अमेरिकन पुरवठ्यातून घ्यावयाची, ही रीत त्यातूनच रूढ झाली. आज सुस्थितीत असलेल्या क्लाउड मोटारींत मूळ गिअरबॉक्स टिकून राहण्याचे एक कारण मालकांच्या निष्ठेइतकेच या अडवणुकीत शोधावे लागते, असे आम्हांस वाटते. 'फँटम ६' या राजेशाही मोटारीत तर हा चार गिअरांचा जुना हायड्रामॅटिक १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू राहिला. अमेरिकेने १९५६ पासूनच त्याच्या जागी दोन द्रवयुग्मकांची नवी आवृत्ती आणावयास आरंभ केला होता, हे लक्षात घेता हा काळ फार मोठा आहे.

१९६४ मध्ये कॅडिलॅकमध्ये 'टर्बो-हायड्रामॅटिक ४००' आला. नाव जुन्याचेच, पण यंत्र नवे होते: तीन गिअर, आणि जोर वाढविणारा टर्बाइन-संच. हा गिअरबॉक्स इतका भक्कम निघाला की पुढे उजव्या-डाव्या दोन्ही सुकाणूंच्या 'सिल्व्हर शॅडो' मोटारींत, १९७६ च्या फेरारी ४०० मध्ये आणि १९७७ पासून बारा सिलिंडरांच्या जॅग्वारमध्येही तो शिरला. दोन देशांतील मानी घराण्यांनी एकाच अमेरिकन यंत्राचा आश्रय केला. दुरुस्तीच्या इतिहासात त्याचा अर्थ असा झाला की, बिघडलेला गिअरबॉक्स खोलत बसण्यापेक्षा तयार बांधलेला दुसरा आणून बसविणे स्वस्त व जलद झाले. पुनर्बांधणी करणारा आता गावातील ओळखीचा कारागीर राहिला नाही. ती एका दूरच्या शेडमध्ये, घाऊक प्रमाणावर होऊ लागली. गिऱ्हाइकाने आपला जुना गिअरबॉक्स जमा करावयाचा आणि अनामत परत घ्यावयाची, ही पद्धत सार्वत्रिक झाली. ती किफायतशीर होती यात शंका नाही. पण तिच्यामुळे गिअरबॉक्सचे चरित्र मोटारीच्या चरित्रापासून तुटले. एका मोटारीतून निघालेले कवच, दुसरीतून निघालेला क्लचचा पिंप आणि तिसरीतील झडपांचा ठोकळा एकत्र येऊन चौथ्या मोटारीत गेले, आणि या प्रवासाची नोंद कोठेच राहिली नाही. जुने हायड्रामॅटिक काढून त्या जागी '४००' बसविण्याची प्रथाही याच काळातील.

तेलाविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. या गिअरबॉक्सच्या तेलात चकत्यांची पकड सौम्य राहावी म्हणून स्पर्म जातीच्या तिमीचे तेल मिसळीत असत. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने त्या तिमीला संरक्षण दिले आणि ते तेल बाजारातून गेले. त्याच्या जागी आणलेल्या पहिल्या मिश्रणाने तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे सांधे गंजू लागल्याचे आढळले व मिश्रण पुन्हा सुधारावे लागले. समुद्रातील शिकारीला आळा घालणारा कायदा आणि डेट्रॉइटच्या मोटारीचा बिघडलेला गिअरबॉक्स यांचा असा संबंध एरवी कोणाच्या ध्यानातही आला नसता.

इंधनटंचाईच्या काळात हलके गिअरबॉक्स आले. त्यांपैकी १९७६ पासूनचा 'टर्बो-हायड्रामॅटिक २००' हा अकाली बिघाडांमुळे इतका गाजला की अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९८० मध्ये जनरल मोटर्सवर तक्रार दाखल केली, आणि १९८३ मध्ये झालेल्या तडजोडीने मालकांच्या दाव्यांसाठी देशव्यापी लवादाची व्यवस्था करण्यात आली. बिघडलेला गिअरबॉक्स हा खाजगी दुर्दैवाचा विषय न राहता सार्वजनिक न्यायाचा विषय झाला, एवढे येथे नोंदवून पुढे जावयास हरकत नाही.

१९९० च्या दशकात मात्र मूळ गृहीतच बदलले. झेडएफ या जर्मन कंपनीचा पाच गिअरांचा ५एचपी२४ हा गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूच्या मोठ्या मोटारींत व १९९७ च्या जॅग्वार एक्सजे८ मध्ये आला. मर्सिडीझ-बेन्झने १९९६ मध्ये आपला ७२२.६ हा गिअरबॉक्स आणला. तेलाची पातळी पाहावयाची नेहमीची दांडी या दोन्हींतून नाहीशी झाली. मर्सिडीझमध्ये नळी होती, तिला बंदिस्त झाकण होते, आणि दांडी दुरुस्तीशाळेकडे. झेडएफच्या यंत्रात तर तेल ठरावीक तापमानाला आल्यावर बाजूचे बूच काढूनच पातळी कळावयाची. तेल 'आयुष्यभरासाठी' भरलेले आहे असे मालकास सांगण्यात आले. कोणाचे आयुष्य, हे सांगितलेले नव्हते. झेडएफनेच पुढे ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरनंतर किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांनी तेल बदलावे अशी शिफारस केली, यावरून त्या शब्दाचा अर्थ पहिल्या मालकाच्या कालावधीपुरताच घ्यावयास हवा होता हे उघड होते.

बिघाडाचे स्वरूपही पालटले. ७२२.६ मध्ये विजेच्या जोडणीचे एक लहानसे बूच आहे. त्याची सीले कडक झाली की तेल तारांच्या आतून वर चढते आणि नियंत्रक यंत्रापर्यंत पोचते. आतील वाहक पट्टीवर वेग मोजणारे संवेदक असतात. त्यांतील एक निकामी झाला की गिअरबॉक्स एकाच गिअरमध्ये अडकून बसतो. चालकाला दोन्ही प्रसंगी सबंध गिअरबॉक्स 'गेला' असेच वाटते, आणि जुन्या महागड्या मोटारीच्या मालकाला पुष्कळदा सबंध नवा बसविण्याचाच हिशेब ऐकविला जातो. वस्तुतः दोष एखाद्या बुचात किंवा पट्टीत असतो, आणि ते बदलणे हे या यंत्राचे सर्वांत साधे काम होय. पट्ट्याचा ताण पान्याने जुळविणाऱ्या कारागिराला चूक कोठे आहे हे रस्त्यावरील आचक्यावरून कळे. येथे ते सांकेतिक क्रमांक वाचणाऱ्या उपकरणाशिवाय कळत नाही. अशी उपकरणे व माहिती स्वतंत्र दुरुस्तीशाळांना मिळावी यासाठी युरोपात नियम झाले, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये कौल दिला. हायड्रामॅटिकच्या काळी जे ज्ञान छापील पुस्तिकेत मिळत असे, त्यासाठी साठ वर्षांनी मतदान घ्यावे लागले.

त्याच वर्षी, २०१२ मध्ये, जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 'तुरिन सनद' स्वीकारली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यापुढे होता. नवा रंगरोगण देण्यापेक्षा जतनाला प्राधान्य द्यावे, केलेले बदल उलटविता येण्यासारखे असावेत, बदललेल्या भागांवर खूण असावी, अशी तिची दिशा आहे. सनदेचा रोख साहजिकच डोळ्यांना दिसणाऱ्या अंगांकडे अधिक जातो. परंतु तिची खरी कसोटी गिअरबॉक्ससारख्या झाकलेल्या भागांवर लागते. चकत्यांचे अस्तर, सीले आणि पट्टे हे उपभोग्य पदार्थ आहेत, ते जुनेच ठेवण्याचा आग्रह धरला तर मोटार उभीच राहील. कवच, ग्रहचक्रे, झडपांचा ठोकळा यांचे तसे नाही. त्यांवर घडणीच्या, झिजेच्या आणि आधीच्या दुरुस्तीच्या खुणा असतात. एखाद्या झडपेच्या नळीत पूर्वीच्या कारागिराने केलेली कातकामाची दुरुस्ती किंवा दाब वाढविण्यासाठी स्प्रिंगखाली घातलेली पातळ चकती हा त्या व्यवसायाचा एकमेव लेखी नसलेला दस्तऐवज होय. घाऊक अदलाबदलीत तो नाहीसा होतो.

म्हणून आमच्या मते, जेथे कवच फुटलेले नाही आणि ग्रहचक्रांचे दाते शाबूत आहेत, तेथे पुनर्बांधणीच केली पाहिजे, मग ती अदलाबदलीपेक्षा महाग पडो. जेथे दुसरा गिअरबॉक्स बसविण्यावाचून गत्यंतर नाही, तेथे काढलेला जुना अनामतीपोटी न देता मोटारीबरोबर ठेवावा. १९५३ च्या कॅडिलॅकमधील डायनाफ्लो तर कोणत्याही सबबीवर काढू नये. १९९० नंतरच्या मोटारींचा प्रश्न अधिक बिकट आहे. त्यांचे नियंत्रक यंत्र आपल्या गिअरबॉक्सच्या झिजेशी जुळवून घेत दाब व कालावधी यांचे आकडे स्वतःच साठवीत जाते. हायड्रामॅटिकच्या कारागिराने पान्याने जे केले तेच ते गुपचूप करीत असते. गिअरबॉक्स किंवा नियंत्रक बदलला की हे आकडे पुसून नव्याने आरंभ केला जातो. ते उपकरणावर वाचून, मोटारीच्या व गिअरबॉक्सच्या क्रमांकांसह कागदावर उतरवून ठेवावयास एक तासही लागत नाही, आणि या मोटारी संग्रहालयांत पोचू लागल्या आहेत तोवर ही रीत पडणे आवश्यक आहे.